खेळाडूचा मास्तर होताना

मंडळाच्या गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत एक तरुण भेटला. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, चांगला हुशार. नुकतीच बढती मिळून मॅनेजर झाला होता. मी अभिनंदन केले तर त्याचा चेहरा पडला. "कसलं अभिनंदन काका! आठ वर्षं मी स्वतः प्रोग्रॅम लिहिले. आता दिवसभर मीटिंगा, आणि दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासायचं. संध्याकाळी घरी गेल्यावर आज मी काय केलं ते बायकोला सांगता येत नाही."

मी विचारले, "अरे, तुला टोनी डंजी माहीत आहे का?"

"म्हणजे तो फुटबॉलचा कोच ना?"

"तोच. पण कोच होण्याआधी तो कोण होता?"

ते त्याला माहीत नव्हते. मग श्रीखंड-पुरी संपेपर्यंत मी त्याला सांगत बसलो. शेजारी आमच्या वृत्ताचे संपादक होते. 'जे तोंडाने सांगता ते कागदावर उतरवा' हा त्यांचा नेहमीचा लकडा. म्हणून हा प्रपंच.

मी १९७७ साली मेटलर्जीत मास्टर्स करायला पिट्सबर्गला आलो. पोलादाचे गाव, आणि गावाच्या फुटबॉल टीमचे नावही स्टीलर्स. सोमवारी सकाळी लॅबमध्ये गेल्यावर पहिला तासभर कोणी पोलादाविषयी बोलत नसे. आदल्या दिवशीच्या सामन्याचे पोस्टमॉर्टेम चाले. आपल्याला त्यात बोलता आले नाही तर आपण कायमचे परके राहू, हे मला पहिल्या महिन्यातच कळले. तेव्हा खेळ शिकलो तो आवडीने नव्हे, गरजेपोटी. आवड मागाहून आली.

२१ जानेवारी १९७९ रोजी आम्ही पाच-सहा देशी विद्यार्थी एका खोलीत, वीस डॉलरला घेतलेल्या जुन्या टीव्हीसमोर, खिचडीचा कुकर मध्ये ठेवून सुपर बोल बघत होतो. पिट्सबर्ग विरुद्ध डॅलस. पिट्सबर्ग ३५–३१ ने जिंकले आणि गावात रात्रभर मोटारींचे हॉर्न वाजत होते. त्या दिवशी आम्ही टेरी ब्रॅडशॉचे लांब पास बघितले आणि खूश झालो. आपण आणखी काय बघतो आहोत याची कल्पना नव्हती. डॅलसच्या बाजूला टोपी घालून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता उभा असलेला टॉम लँड्री हा कोच पूर्वी स्वतः व्यावसायिक खेळाडू होता. त्याच्या हाताखालचे माइक डिटका आणि डॅन रीव्ह्ज हे दोघेही माजी खेळाडू, आणि पुढे दोघेही नावाजलेले हेड कोच झाले. आमचा कोच चक नोल हाही माजी खेळाडू. आणि आमच्या बचावफळीत तेवीस वर्षांचा एक सडपातळ राखीव पोरगा होता, टोनी डंजी. मैदानावरून उठून मैदानाच्या कडेला जाणे म्हणजे काय, याची इतकी उदाहरणे एका सामन्यात पुन्हा क्वचितच जमली असतील.

नव्याने आलेल्या मंडळींसाठी दोन शब्द. हा खेळ आपल्याला पहिल्यांदा धिंगाण्यासारखा वाटतो. माझ्या वडिलांनी इथे आल्यावर एक सामना बघून विचारले होते, "हे सारखे पडतात का, आणि पडल्यावर सभा कसली भरवतात?" तर ती सभा हाच या खेळाचा आत्मा आहे. प्रत्येक डाव पाच-सात सेकंदांचा. मग अर्धा-पाऊण मिनिट थांबायचे, पुढचा डाव ठरवायचा, अकराही जणांनी कोणी कुठे जायचे ते आधी पाठ केलेले असायचे. क्रिकेटमध्ये मैदानावर कप्तान राजा. इथे कप्तान मुख्यतः नाणेफेकीला लागतो. राजा पांढऱ्या रेषेच्या बाहेर उभा असतो. आणि ती रेषा ओलांडून आत जायची त्याला बंदी आहे. ज्याने काल-परवापर्यंत आत धडका दिल्या, त्याने आज रेषेबाहेर उभे राहून फक्त बघायचे. माझ्या त्या तरुण मित्राचे दुखणे नेमके हेच.

हे स्थित्यंतर येते तेही अकाली. खेळाडूंच्या संघटनेच्या हिशेबाप्रमाणे व्यावसायिक फुटबॉलपटूची सरासरी कारकीर्द तीन-साडेतीन वर्षांची. आपल्याकडे ज्या वयात मुलगा नोकरीत कायम होतो, त्या वयात इथला खेळाडू निवृत्त होतो. आज बत्तीस टीम्स आहेत, प्रत्येकीत त्रेपन्न खेळाडू; म्हणजे सारे मिळून सतराशेही नाहीत. आणि हेड कोचच्या खुर्च्या बत्तीस.

मला सगळ्यात कुतूहल वाटते ते याचे की या खुर्च्यांवर शोभून दिसलेले माजी खेळाडू बहुधा मोठे खेळाडू नव्हते. लँड्री घ्या. हा आपल्यातलाच माणूस म्हणायला हरकत नाही, कारण हा इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बर विमानातून तीस मोहिमा केल्या, मग कॉलेज, आणि न्यूयॉर्क जायंट्समध्ये खेळत असतानाच १९५२ साली ह्यूस्टन विद्यापीठातून इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगची मास्टर्स घेतली. त्याचे काम समोरच्या वेगवान खेळाडूंना अडवायचे, आणि याच्याकडे वेग बेताचा. मग त्याने काय केले? प्रतिस्पर्धी कुठल्या परिस्थितीत कुठला डाव टाकतात याचा अभ्यास मांडला. खेळाडू उभे कसे राहतात, कुठे झुकतात, यावरून चेंडू कुठे जाणार ते आधी ओळखायचे आणि तिथे आधीच पोचायचे. पायांची उणीव डोक्याने भरून काढली. १९५४ आणि ५५ मध्ये तो एकाच वेळी खेळाडूही होता आणि बचावाचा कोचही. पुढे डॅलसला एकोणतीस वर्षे हेड कोच राहिला. पहिल्या वर्षी, १९६० साली, बारा सामन्यांत एकही विजय नाही, अकरा पराभव आणि एक बरोबरी! तरी टिकला, आणि १९६६ पासून सलग वीस हंगाम त्याच्या टीमने हारण्यापेक्षा अधिक सामने जिंकले.

आमचा नोल त्याहून साधा. १९५३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स आळीपाळीने कॉलेजची मुले निवडतात त्या निवडीत, तो विसाव्या फेरीत निघाला. क्लीव्हलँडला पॉल ब्राउन नावाचा मोठा कर्मठ कोच होता. प्रत्येक डाव तो बाहेरून स्वतः ठरवायचा आणि दोन गार्डांना आळीपाळीने आत पाठवून निरोप सांगायचा. नोल हा त्यातला एक निरोप्या. ऐकायला कमीपणाचे वाटते, पण विचार करा: सात वर्षे, कुठला डाव कुठल्या वेळी निवडला जातो हे कोचच्या शेजारी उभे राहून ऐकायला मिळाले. तेव्हा खेळाडूंना आजच्यासारखे कोट्यवधी डॉलर नव्हते. नोल रात्री लॉ कॉलेजला जाई आणि विमाही विकत असे. १९५९ च्या हंगामानंतर, अठ्ठाविशी गाठता गाठता, त्याने खेळणे सोडले आणि सिड गिलमनच्या हाताखाली असिस्टंट झाला. या गिलमनच्या घरची सिनेमा थिएटरे होती, आणि सामन्याची फिल्म कापून, एकेक डाव पुन्हा पुन्हा बघून शिकायची पद्धत रुजवणाऱ्यांत तो अग्रणी. नऊ वर्षांच्या उमेदवारीनंतर, १९६९ साली, नोल पिट्सबर्गला आला. पहिला सामना जिंकला आणि पुढचे तेरा हरला. पण सहा वर्षांनी सुपर बोल, आणि तिथून सहा हंगामांत चार.

नोलविषयी त्याचे खेळाडू एक गोष्ट आवर्जून सांगत. तो भाषणे देऊन कोणाला पेटवत नसे. पाय कुठे ठेवायचा, हात कुठे लावायचा हे शिकवत असे, तेही नावाजलेल्या खेळाडूंना, पहिलीच्या मुलांना अक्षर गिरवायला लावावे तसे. आणि फुटबॉल हे तुमचे आयुष्याचे काम नाही, ते पुढे आहे, त्याची तयारी ठेवा, असे तो बजावायचा. ज्याची जागा धोक्यात आली त्याला हे वाक्य ऐकून धडकी भरे, ही गोष्ट वेगळी!

अशा माणसाकडे १९७७ साली डंजी आला. मी आलो त्याच वर्षी, म्हणून मला तो जरा बरोबरीचा वाटतो. मिशिगन राज्यातल्या जॅक्सनचा. आईवडील दोघेही शिक्षक. वडील कॉलेजात विज्ञान शिकवत, आई हायस्कुलात इंग्रजी. पोरगा मिनेसोटा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक. क्वार्टरबॅक म्हणजे चढाईचा सूत्रधार, सगळे डाव ज्याच्या हातून सुरू होतात तो. फेकीचे विद्यापीठाचे विक्रम त्याच्या नावावर. तरी त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये बारा फेऱ्या झाल्या, तीनशेहून अधिक मुले निवडली गेली, आणि अठ्ठावीस टीम्सपैकी एकीनेही त्याचे नाव घेतले नाही.

का, ते उघड होते. तो कृष्णवर्णीय होता, आणि क्वार्टरबॅकच्या जागी कृष्णवर्णीय मुलाला डोके चालवायला देण्याची त्या काळी फार थोड्या मालकांची तयारी होती. अशा मुलांना दुसऱ्या जागी खेळवत, नाहीतर ती कॅनडात जात. पुढच्याच वर्षी वॉरन मूनच्या बाबतीत हेच झाले. डंजीला पिट्सबर्गने बोलावले ते मिनेसोटातला त्याचा एक कोच, टॉम मूर, त्याच वर्षी स्टीलर्सकडे आला होता म्हणून. पण क्वार्टरबॅक म्हणून नव्हे. बचावातला सेफ्टी, म्हणजे सगळ्यांच्या मागे उभा राहणारा शेवटचा राखणदार, हे काम त्याला दिले. इतकी वर्षे जे केले त्याच्या बरोबर उलटे! डिग्री एका विषयाची आणि नोकरी दुसऱ्या, असे आपल्यातल्या किती जणांचे झाले आहे ते मोजायला बोटे पुरणार नाहीत.

तो शिकला. चढाई कशी विचार करते हे आतून माहीत असल्याने बचाव लवकर समजला. त्या पहिल्याच वर्षी ह्यूस्टनच्या सामन्यात आमचे दोन्ही क्वार्टरबॅक जखमी झाले आणि डंजीला आयत्या वेळी जुन्या जागेवर उभे केले. एकाच सामन्यात सेफ्टी म्हणून प्रतिस्पर्ध्याचा पास अडवून पकडणे आणि क्वार्टरबॅक म्हणून आपला पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती देणे, असा अजब पराक्रम त्याच्या नावावर आहे. १९७८ मध्ये पास अडवून पकडण्यात तो टीममध्ये पहिला होता, सहा. तरी पुढच्या वर्षी त्याला सॅनफ्रान्सिस्कोला दिले, तिथून न्यूयॉर्कला, आणि १९८० च्या सराव शिबिरातच न्यूयॉर्कने नारळ दिला. तीन हंगाम. वय पुरे पंचवीसही नाही.

त्याने आपल्या जुन्या विद्यापीठात वर्षभर असिस्टंट कोचची नोकरी केली. १९८१ मध्ये नोलने त्याला पिट्सबर्गला परत बोलावले, खेळायला नव्हे, शिकवायला. तेव्हा त्या लीगमध्ये त्याच्याहून तरुण असिस्टंट कोच नव्हता.

आता जरा डोळ्यांसमोर आणा. ज्या खोलीत तीन वर्षांपूर्वी हा बाकावर मागे बसायचा, त्याच खोलीत आता फळ्याजवळ उभा. समोर मेल ब्लाउंट बसलेला, याच्याहून सात वर्षांनी मोठा, चार सुपर बोल जिंकलेला. हा ब्लाउंट समोरच्यांना इतका दांडगाईने अडवायचा की १९७८ साली लीगने नियम बदलला आणि लोकांनी त्या नियमाला त्याचेच नाव दिले. शेजारी डॉनी शेल, डंजीचा मित्र. यांना हा राखीव गडी काय शिकवणार?

इथे मला आमच्या भट्टीची गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या पहिल्या नोकरीत एक म्हातारा पोलिश मेल्टर होता. निळ्या काचेतून वितळलेल्या पोलादाकडे बघून तो तापमान सांगे, आणि नंतर थर्मोकपल बुडवून बघितले तर दहा-पंधरा अंशांचाच फरक निघे. मी त्याला एकदा विचारले, कसे ओळखता? तो म्हणाला, "बघ ना!" मी बघितले. मला नुसता प्रकाश दिसला. त्याच्याकडे विद्या होती, पण ती डोळ्यांत होती, जिभेवर येत नव्हती. मला ती उपजत नव्हती, म्हणून मी वही केली. बुडबुडे कसे येतात, मळीचा रंग कसा बदलतो, चमच्यात घेतलेला नमुना कसा गोठतो, सगळे लिहीत गेलो. दोन वर्षांनी मला म्हाताऱ्याच्या अर्ध्यानेही ओळखता येत नव्हते. पण नवीन आलेल्या पोराला काय बघायचे ते मी सांगू शकत होतो, आणि तो म्हातारा कधीच सांगू शकला नाही.

ब्लाउंटचे पाय ब्लाउंटला कोणी शिकवले नव्हते. डंजीचे पाय साधे होते, म्हणून प्रत्येक पाऊल का, हे त्याला स्वतःला विचारावे लागले होते. कोचच्या कामात हा 'का' लागतो. शिवाय तो दोन्ही बाजूंनी खेळला होता. समोरचा क्वार्टरबॅक या क्षणी कुठे बघतो आहे आणि कशाला घाबरतो आहे, हे तो सांगू शके. मोठ्या खेळाडूला त्याहून कमी काही दिले तर तो ऐकत नाही, आणि तेवढे दिले तर शिकवणाऱ्याचे वय बघत नाही. (आपल्या आचरेकर सरांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे, हे जाता जाता आठवते.)

उलट बाजूही बघा. क्लीव्हलँडचा ऑटो ग्रॅहम, ग्रीन बेचा बार्ट स्टार, दोघेही त्यांच्या काळातले थोर क्वार्टरबॅक. दोघेही हेड कोच झाले आणि दोघांचीही खाती पराभवाच्या बाजूला झुकली. स्टारला तर ग्रीन बेने आपल्या जुन्या प्रेमापोटी नऊ वर्षे दिली. डिटका हा अपवाद. खेळाडू म्हणूनही थोर आणि १९८५ च्या शिकागोला सुपर बोल जिंकून देणारा कोचही. पण तोही मध्ये नऊ वर्षे लँड्रीच्या हाताखाली निमूटपणे वह्या भरत होता, हे विसरू नये. अलीकडचे बघा. डग पीडरसन हा बहुतेक काळ राखीव क्वार्टरबॅक. निवृत्तीनंतर चार वर्षे लुइझियानात एका हायस्कूलच्या पोरांना शिकवत होता, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच्या फिलाडेल्फियाने सुपर बोल जिंकला. केलन मूर साऱ्या कारकिर्दीत लीगचे तीनच सामने खेळला. खेळणे सोडले त्याच वर्षी, २०१८ मध्ये, डॅलसचा कोच झाला आणि २०२५ मध्ये न्यू ऑर्लिन्सचा हेड कोच.

काम मात्र कष्टाचे. खेळाडूचे अंग दुखते, कोचची झोप जाते. रविवारी सामना. सोमवारी त्याची फिल्म, प्रत्येकाची चूक प्रत्येकाला दाखवायची. मंगळवारी खेळाडूंना सुट्टी आणि कोच मंडळींची सर्वांत लांब रात्र, कारण पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे मागचे सामने कापून, कितव्या डावाला किती यार्ड बाकी असताना ते काय करतात याची कोष्टके मांडून बेत ठरवायचा असतो. बुधवारपासून तो बेत तुकड्यातुकड्याने खेळाडूंच्या गळी उतरवायचा. शनिवारी हळूहळू चालून उजळणी. आज हे सगळे टॅब्लेटवर होते. तेव्हा सोळा मिलिमीटरची फिल्म आणि प्रोजेक्टर होता. शिडीही ठरलेली: आधी फिल्म कापणारा पोऱ्या (आजकाल त्याला 'क्वालिटी कंट्रोल' असे पद देतात, आमच्या कारखान्यात त्या नावाखाली निराळीच माणसे असत), मग एका जागेचा कोच, मग सगळ्या बचावाचा किंवा सगळ्या चढाईचा कोऑर्डिनेटर, आणि नशीब असेल तर हेड कोच. प्रत्येक पायरीला गाव बदलते. मुलांच्या शाळा बदलतात. आपल्या व्हिसावाल्या मंडळींना हे सांगायला नको.

डंजी १९८४ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, पिट्सबर्गच्या बचावाचा कोऑर्डिनेटर झाला. त्याच वर्षी माझी गिरणी बंद पडली. मोनोंगाहेला नदीच्या काठची ती भली मोठी धुराडी एकेक करून थंड होत होती. वर्षभराने एका छोट्या स्पेशल स्टीलच्या कारखान्यात सुपरवायझरची नोकरी मिळाली, सहा माणसे हाताखाली. आणि मी काय केले? सवयीने पहिल्याच आठवड्यात एका मेल्टरच्या हातातून थर्मोकपलचा दांडा घेतला आणि स्वतः बुडवला. दुसऱ्या दिवशी युनियनची लेखी तक्रार: सुपरवायझरने कामगाराचे काम केले. मला राग आला. मी मदतच करत होतो की! त्यांच्या प्रतिनिधीने मला बाजूला घेऊन शांतपणे सांगितले, "तू ते केलेस की त्याला शिकायला काय उरले? आणि त्याची गरज तरी काय उरली?" फुटबॉलची ती पांढरी रेषा मला त्या दिवशी कळली. सौ.ला रात्री सांगितले तर ती म्हणाली, "मुलाची गणितंसुद्धा तुम्हीच सोडवता."

त्या पहिल्या वर्षी मी रोज कामावरून येऊन चिडचिड करायचो. हात रिकामे असणे ही मोठी शिक्षा असते. मग मी ती जुनी वही काढली.

डंजीची पुढची वाटही सरळ नव्हती. १९८८ मध्ये पिट्सबर्ग सोळापैकी पाचच सामने जिंकले. हंगाम संपल्यावर त्याला सांगितले गेले की राहायचे असेल तर एक पायरी खाली उतरून राहा. त्याने राजीनामा दिला, आणि कॅन्सस सिटीला खालच्याच पायरीवर गेला. म्हणजे पायरीचा अभिमान नव्हता. ज्या खोलीत आपण वर होतो त्याच खोलीत खाली बसायचे नव्हते. मला हा फरक पटतो. मग १९९२ मध्ये मिनेसोटाचा कोऑर्डिनेटर. हेड कोचसाठी मुलाखती झाल्या आणि नकार आले. १९२० च्या दशकातला फ्रिट्झ पोलार्ड सोडला तर या लीगमध्ये कृष्णवर्णीय हेड कोच झाला तो थेट १९८९ साली, आर्ट शेल. आणि खेळाडूंत तर निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय. हात-पाय चालतात, पण डोके चालवायला दुसरा हवा, ही तीच जुनी गोष्ट. इंजिनिअर म्हणून उत्तम पण 'लीडरशिप'चे जमेल का, असे आपल्याविषयी बंद दारामागे बोलले गेलेले ज्यांच्या कानावर आले आहे, त्यांना मी अधिक काय सांगावे? २००३ मध्ये लीगने नियम केला की हेड कोच निवडताना अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे. त्याला स्टीलर्सच्या डॅन रूनींवरून 'रूनी रूल' म्हणतात. नियमाने मुलाखत मिळते. खुर्ची मिळतेच असे नाही.

डंजीला खुर्ची १९९६ मध्ये मिळाली, टॅम्पा बेची, लीगमधल्या सर्वांत केविलवाण्या टीमपैकी एक. पहिल्या नऊ सामन्यांत एक विजय. गावाने शिव्या घातल्या. हा ओरडला नाही. त्याने नवीन डावही आणले नाहीत. त्याचा बचाव मुळात नवीन नव्हताच. सत्तरीतल्या पिट्सबर्गच्या वहीतून तो आला आहे, असे तो स्वतःच सांगत आला आहे. थोडक्यात असा: मागे दोन सेफ्टी, अर्धे अर्धे मैदान वाटून. पण त्या दोघांच्या मधोमध एक खिंडार राहते, आणि हुशार क्वार्टरबॅक नेमका तिथे चेंडू टाकतो. म्हणून चेंडू सुटताच मधल्या लाइनबॅकरने, जो एरवी पुढे धडक मारणारा गडी, उलट फिरून मागे पळायचे आणि ते खिंडार बुजवायचे. आमच्या काळी तिथे जॅक लॅम्बर्ट होता. डाव मोजकेच, पण प्रत्येक इतका घोटायचा की विचार न करता पाय तिकडे वळावेत. नोलचेच गिरवणे! लोकांनी त्याला 'टॅम्पा टू' नाव दिले. पुढच्या वर्षी टीम प्लेऑफमध्ये पोचली.

आणि जानेवारी २००२ मध्ये डंजीला काढून टाकले. फायनल गाठून देत नाही म्हणून. बरोबर एक वर्षाने त्याच टीमने, त्याच बचावाच्या जोरावर, नव्या कोचच्या हाताखाली सुपर बोल जिंकला. घर बांधावे आणि वास्तुशांतीला दुसऱ्याने बसावे, तसे. डंजी तोवर इंडियानापोलिसला गेला होता. तिथे चढाईचा कोऑर्डिनेटर कोण? टॉम मूर. ज्याने पंचवीस वर्षांपूर्वी, कोणी न निवडलेल्या पोराला पिट्सबर्गला आणले, तोच. आता तो शिष्याच्या हाताखाली होता.

४ फेब्रुवारी २००७. मायामीत पाऊस कोसळत होता. इंडियानापोलिस विरुद्ध शिकागो. शिकागोचा कोच लव्ही स्मिथ, जो टॅम्पात डंजीचा असिस्टंट होता. सुपर बोलच्या इतिहासात तोवर एकही कृष्णवर्णीय हेड कोच पोचला नव्हता. त्या दिवशी दोन्ही बाजूंना होते. आमचा मुलगा त्या शनिवार-रविवारी घरी आला होता. मी सकाळपासून अस्वस्थ. तो हसून म्हणाला, "बाबा, आज आपली टीम खेळत नाहीये."

"आपलीच आहे," मी म्हटले.

सामना सुरू झाला आणि पहिल्याच किकवर शिकागोचा डेव्हिन हेस्टर सगळे मैदान पार करून गेला. चौदा सेकंदांत सहा गुण. मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "ही तुमची टीम?" कॅमेरा डंजीवर गेला. रेषेच्या बाहेर, पावसात, हाताची घडी, तोंडातून शब्द नाही.

इंडियानापोलिस २९–१७ ने जिंकले, पण मला आठवतो तो त्याआधीचा एक साधा डाव, ज्याचा स्कोअरबोर्डवर काही परिणाम झाला नाही. शिकागोच्या क्वार्टरबॅकने चेंडू हातात घेतला आणि मी मुलाला म्हटले, "चेंडूकडे बघू नकोस. मधल्याकडे बघ." मधला लाइनबॅकर होता गॅरी ब्रॅकेट, डंजीसारखाच ड्राफ्टमध्ये कोणी न निवडलेला. तो उलटा फिरला आणि त्या दोन सेफ्टींच्या मधल्या खिंडाराकडे, चिखल उडवत, मागे पळत सुटला.